बंद लाइनीचा झटका

४ फेब्रुवारी

बंडू,

तुझे दाजी वाचलेत. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील.

मंगळवारी दुपारी ते टॉवरवर होते. डोंगराच्या वळणावर जो दांडगा टॉवर आहे, तिथला जंपर बदलायचा होता. तू पुस्तकातला इंजिनिअर, म्हणून सांगून ठेवते: टॉवरच्या पुढून आणि मागून येणाऱ्या तारा त्याला ताणून बांधलेल्या असतात, आणि त्या दोन टोकांना जोडणारा लोंबता तुकडा म्हणजे जंपर. यांनी तो सोडवायला घेतला आणि झटका बसला. पट्टा होता म्हणून खाली आले नाहीत, तिथंच लोंबकळत राहिले. यांच्या गँगमधल्या लंबूनं आणि दुसऱ्यांनी दोर लावून उतरवलं. दोन्ही तळवे भाजलेत. उजवं कोपर आतपर्यंत जळलंय. उजव्या हाताची दोन बोटं राहतात की जातात, यावर डॉक्टर तोंड उघडत नाहीत.

आता मुद्द्याचं. लाइन बंद होती. लाइन बंद केल्याचं रीतसर परमिट यांनी कंट्रोल रूमकडून घेतलं होतं. लाइनीची दोन्ही टोकं दोन्ही सबस्टेशनांत बंद करून जमिनीला जोडलेली होती. वर चढून टेस्टर लावला, तो मेल्यासारखा गप्प. मग काम सुरू केलं. आणि तासाभरानं त्याच तारेत करंट आला.

मेलेली तार कोण जिवंत करतं? कंट्रोल रूममध्ये बसलेला माणूस. आणि त्या दिवशी तिथं बसले होते आपले बटणभाऊजी. तू त्यांना ओळखतोस. आमच्याकडे आलास की तुला पत्त्यांत हरवणारे, यांचे जिवाभावाचे मित्र. सगळी बटणं त्यांच्या हाताखाली, म्हणून गँगनं ठेवलेलं नाव. महिन्याभरापूर्वी त्यांनी परमिट द्यायला उशीर केला आणि गँग उन्हात ताटकळत बसली. हे मुकादम, म्हणून यांनीच वर तक्रार केली. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद होतं. मी फक्त सांगते आहे, बाकी तू समजून घे.

मला एकच उत्तर हवंय आणि ते लेखी हवंय. बंद केलेल्या लाइनीत आपोआप करंट येऊ शकतो का? चौकशीला साहेब यायचे आहेत.

फोन करू नकोस. कॉलनीतले सगळे फोन कंट्रोल रूमच्या बोर्डावरूनच जोडले जातात, हे माझ्या आत्ता डोक्यात आलं. इतकी वर्षं आपण काय काय बोललो असू, देव जाणे.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र वाचलं. ताबडतोब निघालो असतो, पण कॉलेजच्या परीक्षा माझ्या गळ्यात आहेत आणि महिनाअखेरीपर्यंत सुटका नाही. दाजींना सांग, मी रोज त्यांच्या उशाशी बसलोय असं समजा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. वेगळ्या कागदावर सही करून लिहिलंय, ते खुशाल साहेबांना दाखव. दोन्ही टोकांना जमिनीला जोडलेली बंद लाइन आपोआप जिवंत होत नाही. शेजारून चालू लाइन जात असेल तर तिच्या व्होल्टेजमुळे बंद तारेवर थोडा भार जमतो, नाही असं नाही. पण तो अर्थिंगमधून जमिनीत निघून जातो. अर्थिंग त्यासाठीच असतं. म्हणजे माणसाला भाजण्याइतका करंट आला असेल, तर तो कुणीतरी दिला म्हणून आला.

बटणभाऊजींबद्दल मी काही बोलायला नको. पण पत्ते खेळताना तो माणूस आपला पत्ता टाकायच्या आधी दुसऱ्याच्या डोळ्यांत बघायचा, हे मला तेव्हाही खटकायचं. त्या वेळी सबस्टेशनच्या आवारात कोण होतं, कुणी काय ऐकलं, याची चौकशी कर. लाइन चालू-बंद करणारा मोठा ब्रेकर लागला की तोफेसारखा आवाज होतो. तो लपत नाही.

बंडू


१५ फेब्रुवारी

बंडू,

तुझा कागद साहेबांनी दोनदा वाचला आणि फायलीला लावला. मग बटणभाऊजींना बोलावून त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचला. "प्राध्यापक आहेत ते," साहेब म्हणाले. बटणभाऊजींचा चेहरा असा उतरला की मलाच खुर्चीत अवघडल्यासारखं झालं. म्हणाले, "मी त्या वेळी एकाही बटणाला हात लावला नाही."

आणि तू म्हणालास तसंच निघालं. फाटकावरचा वॉचमन म्हणतो, आवाज झाला. तारांवरचे कावळे उडाले, आणि पाठोपाठ फोन आला की टॉवरवर माणसाला करंट लागला. साहेबांनी विचारलं, "कुठला ब्रेकर?" तर म्हणाला, "भट्टीवाला. त्याचा आवाज झोपेतसुद्धा ओळखतो मी." "ड्यूटीवर झोपता?" असं साहेबांनी विचारल्यावर तो टोपी सारखी करायला लागला. लोखंड वितळवायचा तो कारखाना आहे ना नदीपलीकडे, त्याच्या भट्टीचा ब्रेकर. कुठलाही असो. हात लावला नाही म्हणणारा माणूस हात लावत होता, एवढं तर सिद्ध झालं. खोटं बोलला म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय.

त्यांना घरी बसवलंय. साहेबांचा निकाल विरुद्ध गेला तर नोकरी जाईल, कदाचित पोलिसातही देतील.

परवा ते दवाखान्यात आले होते. दारातच उभे राहिले. यांनी बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. बटणभाऊजी तसेच पाय न वाजवता गेले. मला विचारशील तर, निष्पाप माणूस आत आला असता, भांडला असता.

नळावर बटणवहिनी भेटली. म्हणाली, "वहिनी, तुम्ही तरी यांना ओळखता ना?"

मी म्हटलं, "ओळखत होते, असं वाटायचं."

"म्हणजे यांनी मुद्दाम केलं म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही. वॉचमन म्हणतोय."

बादली अर्धीच भरलेली होती, ती तशीच उचलून ती गेली. कॉलनीत आता तिच्याशी कुणी बोलत नाही. मला वाईट वाटायला हवं, पण यांना भरवताना यांचे हात बघते आणि वाईट वाटायचं राहून जातं.

काल घरचा फोन वाजला. उचलला तर पलीकडे नुसता श्वास. मग ठेवून दिला.

ताई


२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

घाईत लिहितोय. पुढच्या प्रश्नांची उत्तरं मला हवीत, आणि ती तुझ्या मनानं नाही, लंबूला विचारून.

भट्टीला जाणारा करंट कुठल्या लाइनीनं येतो? अशा टॉवरच्या डाव्या-उजव्या हाताला दोन वेगळ्या लाइनी असतात; दाजींच्या टॉवरवरची जी दुसरी, चालू लाइन, तिच्यानंच का?

झटका बसला तेव्हा जंपर जागेवर होता, की एका बाजूनं सुटला होता? दाजींचा हात नक्की कशावर होता, आणि कोपर कशाला टेकलं होतं?

टॉवरवर काम करताना गँग स्वतःचं वेगळं अर्थिंग लावते. ते जंपरच्या एका बाजूला लावलं होतं की दोन्ही बाजूंना?

तुझं उत्तर येईपर्यंत साहेबांशी काही बोलू नकोस. माझा कागद त्यांनी अजून कुणाला दाखवलाय का, तेही कळव.

बंडू


२५ फेब्रुवारी

बंडू,

तुझं पत्र वाचून वाटलं, चौकशीचे साहेब तूच. दाजींची बोटं कशी आहेत हे विचारायचं राहून गेलं वाटतं. एक गेलं. दुसरं राहील म्हणतात.

विचारलंस म्हणून लंबूला घरी बोलावलं. भट्टीचा करंट शेजारच्याच लाइनीनं येतो. ही बंद होती, म्हणून सगळा बोजा तिच्यावर होता. जंपर एकाच बाजूनं सोडवत होते, त्या बाजूचा शेवटचा बोल्ट निघाला आणि त्याच क्षणी यांनी ते टोक ओढून घेतलं. हात टोकावर, कोपर टॉवरच्या लोखंडाला.

अर्थिंगचं विचारल्यावर लंबू बोटं मोडायला लागला.

"असतं की, ताई. लावलेलं असतं."

"एका बाजूला का दोन्ही?"

"आता ते... तार एकच ना. एकीकडे लावलं की झालं."

"दुसरं अर्थिंग कुठं होतं?"

"गाडीत. ते लोखंडी जड असतं हो. वर नेईपर्यंत जीव निघतो. मुकादमांचीच पद्धत आहे. दोन्ही टोकं सबस्टेशनात जमिनीला आहेतच, मग मध्ये आणखी किती बांधायचं?"

एवढं सांगून तो चहा तसाच ठेवून उठला. त्याला जसं आरोपी केल्यासारखं वाटलं तसंच मलाही वाटलं, बंडू. तू विचारतोयस ते मला आवडलेलं नाही. पहिल्या पत्रात तुला सगळं स्वच्छ दिसत होतं. बटणभाऊजींचा कावा उघडा पडला आणि तुला अचानक यांच्या अर्थिंगची काळजी वाटायला लागली?

एक विचारते. बटणवहिनीचा भाऊ तुझ्याच शहरात असतो, हे मला परवा कळलं. तो तुझ्याकडे आला होता का?

ताई


२ मार्च

प्रिय ताई,

तो आला होता. दारातूनच त्याला परत पाठवला, कारण तो काय सांगणार हे ऐकायची मला भीती वाटत होती. त्याच्या येण्याशी या पत्राचा संबंध नाही. तुला हे पटणार नाही, हे धरूनच लिहितोय.

मी तुला चुकीचं उत्तर दिलं. माझाच विषय, आणि त्यातच चुकलो.

टॉवरच्या एका हाताला बंद लाइनीच्या तारा, दुसऱ्या हाताला चालू लाइनीच्या. मी विचार केला तो चालू तारांच्या व्होल्टेजचा. त्याचा भार अर्थिंगनं निघून जातो, हे खरंच आहे. पण चालू तारांतून करंटही वाहत असतो, आणि वाहत्या करंटभोवती चुंबकीय क्षेत्र असतं. आपला करंट सेकंदाला कितीतरी वेळा दिशा बदलतो, त्यामुळे ते क्षेत्रही सारखं फुगतं आणि ओसरतं. अशा क्षेत्रात दुसरी तार असली की तिच्यात व्होल्टेज उभं राहतं. चिकटलेली नको, जोडलेली नको, नुसती शेजारी असली की पुरे. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर याच्यावरच चालतो. दोन लाइनी मैलोन् मैल एकमेकींशेजारून जातात, तेव्हा तो एक लांबलचक ट्रान्सफॉर्मरच असतो, कुणी न बांधलेला.

आता हे नीट वाच. या व्होल्टेजला टोकांचं अर्थिंग थांबवत नाही. उलट त्याला वाट मिळते. तार, जमीन, पुन्हा तार, असं कडं तयार होतं आणि त्यात करंट गुपचूप फिरत राहतो. कडं अखंड आहे तोवर टेस्टर गप्प, माणूसही सुखरूप. दाजींनी जंपर सोडला, म्हणजे ते कडं तोडलं. लाइनभराचं सगळं व्होल्टेज त्या दोन सुट्या टोकांमध्ये येऊन उभं राहिलं. एका टोकाला अर्थिंग होतं. दुसऱ्या टोकाला दाजींचा हात होता.

मग इतकी वर्षं काही कसं झालं नाही? चालू लाइनीच्या तिन्ही तारांतला करंट एरवी सारखा असतो, त्यांची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी खोडून काढतात. गँगला फार तर मुंग्या आल्या असतील. पण भट्टी तिन्ही तारांवर कधीच सारखी ओढत नाही, आणि सुरू होताना तर नुसती धसमुसळी असते. बटणभाऊजींनी तिचा ब्रेकर लावला, तेच त्यांचं काम होतं, आणि नेमका त्याच वेळी जंपर सुटला. तुमच्या लाइनीला त्यांनी हात लावला नाही, लावायची गरजही नव्हती.

दोन्ही बाजूंना अर्थिंग असतं तर दाजींना काही झालं नसतं. याचा अर्थ काय होतो ते मला कळतं. पद्धत त्यांची होती. साहेब आता बोट कुणाकडे दाखवतील, तेही कळतं. तरीही माझा कागद मागे घेतो, असं पत्र मी आज साहेबांना टाकलंय. एका माणसाची नोकरी माझ्या सहीवर जायला निघाली होती.

दाजींना हे पत्र तू वाचून दाखव, असं मी म्हणणार नाही. ते तू ठरव.

बंडू


६ मार्च

बंडू,

वाचून दाखवलेलं नाही. दाखवणारही नाही.

आधी लाइन आपोआप जिवंत होत नव्हती. आता होते. मधे एक पाहुणा तुझ्या दारात येऊन गेला. मी शिकलेली नाही, पण मला वाचता येतं.

त्यानं तुला काय सांगितलं? की बटणवहिनीचं घर उद्ध्वस्त होतंय? आमचं काय होतंय मग? ज्या माणसाला उद्या जेवणाचा घास स्वतःच्या हातानं घेता येईल की नाही माहीत नाही, त्यालाच तू सांगतोयस, की बाबा, चूक तुझीच. आणि हे साहेबांना टाकूनही मोकळा झालास. मला विचारायच्या आधी.

लहानपणी घरातलं काही फुटलं की आई दोघांना रांगेत उभं करायची आणि तू आधी माझं नाव सांगायचास. मोठा झालास, सवय गेली नाही.

परीक्षा संपल्या तरी यायची घाई करू नकोस.

ताई


१२ मार्च

प्रिय ताई,

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. ठीक आहे. मी सांगितलं म्हणून काहीच मानू नकोस.

तुला स्वतःला तपासता येईल असं एक सांगतो. समजा बटणभाऊजींनी दाजींच्याच लाइनीत करंट सोडला. ती लाइन दोन्ही टोकांना जमिनीला बांधलेली. म्हणजे सबस्टेशनची सगळी ताकद सरळ जमिनीत ओतल्यासारखं. ब्रेकर पापणी लवायच्या आत उडाला असता. आणि त्या सबस्टेशनवर चालणारा एकूणएक दिवा तेवढ्यापुरता मान टाकून पुन्हा वर आला असता. कॉलनीची लाइट तिथूनच येते.

त्या दुपारी तू घरात होतीस. काय करत होतीस? लाइट हलली का?

मला कळवू नकोस. तुलाच कळलं तरी पुरे.

बंडू


२४ मार्च

बंडू,

तुझं पत्र आलं त्या दिवशीच मला उत्तर माहीत होतं. इतके दिवस ते मी कुणाला सांगितलं नाही.

त्या दुपारी मी मशीनवर पडदे शिवत होते. विजेचं मशीन आहे माझं. कुठली लाइन उडाली की सबंध कॉलनीची लाइट मिचकते, मशीन हिसका देतं आणि दोरा तुटतो. असे कितीतरी दोरे तुटलेत माझे, आणि दर वेळी बटणभाऊजींच्या नावानं मी बोटं मोडलीत. त्या दुपारी मशीन सरळ चाललं होतं. लंबू हाका मारत दारात आला तेव्हा पाय मशीनच्या पेडलवरच होता. तो पडदा काढून टीप बघितली. कुठंच तुटलेली नाही.

मग यांना तुझं मोठं पत्र वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "ते दोन टोकांचं परत वाच." परत वाचलं. मी म्हटलं, "बंडूला काय कळतंय, त्यानं टॉवर बघितलाय का कधी?"

तर म्हणाले, "मुंग्या यायच्या गं. आम्ही म्हणायचो, वाऱ्यानं येतात."

चौकशीची शेवटची बैठक बुधवारी झाली. हे हात गळ्यात बांधून गेले. मी सोबत. साहेबांनी विचारायच्या आधीच यांनी सांगितलं, "अर्थिंग एकच होतं. दुसरं गाडीत होतं. माझ्या सांगण्यावरून." बटणभाऊजी समोरच्या बाकावर बसले होते. त्यांच्याकडे हे बघत नव्हते, पण आवाज त्यांना जाईल एवढा चढवला होता.

मग साहेब बटणभाऊजींकडे वळले. "भट्टीचा ब्रेकर तुम्ही लावलात. नियमानं लावलात. मग हात लावला नाही असं खोटं का सांगितलंत?"

ते म्हणाले, "साहेब, मी ब्रेकर लावला आणि लगेच फोन आला, मुकादमांना करंट लागला. मला वाटलं, चुकीचं बटण दाबलं. पॅनेल बघितलं, सगळं जागच्या जागी. पुन्हा बघितलं. घरी बसवल्यापासून रोज खुर्चीत बसून आठवतो, माझं बोट नक्की कुठं होतं. काही सापडत नाही. पहिल्या क्षणापासून वाटत होतं, मीच झटका दिला याला, फक्त कसा दिला ते मला कळत नाहीये. म्हणून भीतीनं म्हणालो, हात लावला नाही."

आम्ही सगळे त्यांच्यावर संशय घेत होतो, बंडू. पण आमच्याइतकाच संशय ते स्वतः घेत होते, आणि त्यांच्याकडे माझ्यासारखी टीपही नव्हती बघायला.

बाहेर आल्यावर मी बटणवहिनीपाशी गेले. काय बोलायचं ते ठरवलं होतं. तिनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "राहू द्या," म्हणाली. फोनवरचा तो श्वास तिचाच होता, हे तिनं चालता चालता सांगितलं. बोलायचं होतं, आवाज फुटला नाही.

यांना आता टॉवरवर चढायचं नाही. नव्या गँगांना शिकवायचं, खाली राहून देखरेख करायची. खोटं बोलल्याबद्दल बटणभाऊजींना समज दिली आणि पुन्हा कामावर घेतलं.

तुला जे बोलले ते बोलले. आईचं नाव काढायला नको होतं. ये कधी यायचं तेव्हा.

ताई


३१ मार्च

प्रिय ताई,

पुढच्या महिन्यात येतोय. विद्यार्थ्यांना या वर्षी दोन शेजारच्या तारांचं गणित घालायला उभा राहिलो आणि खडू हातातच राहिला. एकानं विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना?" म्हटलं, बरी आहे, वही काढा.

दाजी आणि बटणभाऊजी बोलायला लागले का? एवढंच कळव.

बंडू


१९ एप्रिल

बंडू,

बोलतात. पण कसं, ते ऐक.

तोच जंपर अजून अर्धवटच होता. काम पुन्हा लागलं आणि त्या दिवशी ड्यूटी बटणभाऊजींची. गँग गाडीतून उतरेना. लंबू म्हणाला, "निकाल काय लागायचा तो लागला, पण ते आत असताना मी वर जाणार नाही." बाकीचे खाली मान घालून बसलेले. शहाणे आहेत सगळे, तुझं पत्र यांनी त्यांना दोनदा समजावून सांगितलंय. समजतं, पण पाय उचलत नाही.

हे गेले टॉवरपाशी. मी डबा घेऊन गेले होते, म्हणून हे सगळं डोळ्यांनी बघितलं. यांनी दोन्ही अर्थिंगं स्वतःसमोर गाडीतून उतरवून वर न्यायच्या दोराला बांधायला लावली, आणि टॉवरला पाठ टेकून बसले. लंबूला म्हणाले, "मी इथून हलणार नाही. लाइन आली तर आधी मला लागेल. चढ." असं होतं का, खाली बसलेल्याला आधी लागतं का, ते तूच सांग. लंबूनं विचारलं नाही. चढला.

काम होईपर्यंत मी त्या तारांकडे बघत होते. मला सगळं माहीत होतं, पडदा मी स्वतः तपासला होता. तरी लंबूनं दुसरं टोक हातात घेतलं तेव्हा माझे डोळे सबस्टेशनच्या खिडकीकडे गेले. ते काही केल्या थांबलं नाही.

काम झालं. माणसं उतरली, अर्थिंगं काढली. यांनी गाडीतल्या फोनवरून कंट्रोल रूमला कळवलं, "सगळे खाली आहेत. लाइन घ्या." हे ऐकलं की तिकडून लाइन चालू होते. आजवर तसंच होत आलंय.

लाइन चालू झाली नाही.

थोड्या वेळानं रस्त्यावर सायकल दिसली. बटणभाऊजी. जोडीदाराला खुर्चीत बसवून, भर उन्हात, एवढ्या लांब. सायकल टेकवली आणि गँगमधली डोकी एकेक करून मोजली. मग गाडीत वाकून दोन्ही अर्थिंगं बघितली. मग मान मागे टाकून टॉवर शेंड्यापर्यंत न्याहाळला.

हे म्हणाले, "मी सांगितलं ना, सगळे उतरले."

ते म्हणाले, "सांगितलंस. मला बघायचं होतं."

आणि सायकलवर बसून परत गेले. पोचल्यावर लाइन चालू झाली.

घरी आल्यावर मी यांना विचारलं, "वाईट वाटलं?"

"वाटलं," म्हणाले. "इतकी वर्षं माझ्या एका शब्दावर लाइन घ्यायचा तो."

मग डाव्या हातानं घास उचलून तो तोंडाशी नेता नेता म्हणाले, "पण आज न बघता घेतली असती, तर मी पुन्हा त्याच्या ड्यूटीवर माणूस चढवला नसता."

ताई